‘पोर्ट’चा तास

मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदराहून शाळेत येणाऱ्या आम्हा मुलांना इंग्रजीतला एक शब्द घरचा वाटायचा, तो म्हणजे ‘पोर्ट’. पोर्ट म्हणजे बंदर, त्यात शिकायचं काय? नववीत इंग्रजीच्या सरांनी मात्र त्यावर अख्खा तास घेतला. रत्नागिरीच्या या शाळेने मला पुष्कळ दिलं, पण तो तास मला अजून पुरतोय.

सरांनी फळ्यावर चार वाक्यं लिहिली. पहिल्यात जहाज पोर्टमध्ये शिरत होतं, दुसऱ्यात पोर्टकडे वळत होतं, तिसऱ्यात यजमान पाहुण्यांना पोर्ट देत होते आणि चौथ्यात पोर्टमधून तोफा डोकावत होत्या. तो शब्द हाताने झाकायचा, उरलेल्या वाक्यात काय बसेल ते ठरवायचं आणि मगच कोश उघडायचा. त्याआधी कोशाला हात लावायला सक्त मनाई! आपल्या ‘कर’चंही तसंच आहे, असं ते म्हणाले. कर म्हणजे हात, कर म्हणजे पट्टी, आणि ‘अभ्यास कर’ मधला कर आणखी वेगळा.

बंदराचा पोर्ट लॅटिनमधल्या ‘पोर्टुस’वरून आला, तर तोफेच्या झरोक्याचा पोर्ट दरवाजा या अर्थाच्या ‘पोर्टा’वरून. पोर्ट नावाच्या मद्याला पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराचं नाव मिळालं. सर्वांत रंगतदार गोष्ट डाव्या बाजूची. जुन्या जहाजांचं सुकाणू उजव्या अंगाला असे, म्हणून ती बाजू ‘स्टारबोर्ड’. सुकाणू धक्क्यावर आपटू नये म्हणून जहाज डाव्या अंगाने बंदराला लावत. त्या अंगाचं जुनं नाव होतं ‘लारबोर्ड’. वाऱ्यापावसात लारबोर्ड की स्टारबोर्ड हे ऐकू येईना, म्हणून ब्रिटिश नौदलाने 1844 मध्ये लारबोर्ड बंद करून ‘पोर्ट’ कायम केला.

आमचे बाबा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. होडीत सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, उजवीकडे वळते, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याचा इंग्रजीशी काय संबंध, ते त्या तासाला कळलं. पूर्वी ब्रिटिश जहाजांवर हुकूम दांड्याच्या दिशेने देत. ‘पोर्ट’ म्हटलं की दांडा डावीकडे आणि जहाज उजवीकडे! 14 एप्रिल 1912 च्या रात्री हिमनग दिसल्यावर टायटॅनिकवर ‘हार्ड अ स्टारबोर्ड’ असा हुकूम सुटला आणि जहाज वळलं ते डावीकडे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ते बरोबरच होतं. ब्रिटिश जहाजांवर ही पद्धत 1933 मध्ये बदलली आणि हुकमाची दिशा तीच जहाजाची दिशा झाली. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी जाळं विणता विणता सगळं दोनदा सांगायला लावलं.

पुढे मी मर्चंट नेव्हीत गेलो. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, ‘पोर्ट टेन’ (सुकाणू दहा अंश डावीकडे) म्हटलं की सुकाणूच्या चक्रावरचा खलाशी आधी तेच शब्द मोठ्याने म्हणतो आणि मगच चक्र फिरवतो. जहाजावर चार देशांची माणसं, चौघांची इंग्रजी चार तऱ्हेची, तिथे एका शब्दाचे दोन अर्थ परवडत नाहीत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 मध्ये जहाजांवरच्या संभाषणासाठी प्रमाण वाक्यं मंजूर केली. त्यात ‘मे’, ‘कॅन’, ‘शुड’ असे दुहेरी शब्द टाळायला सांगितलं आहे, कारण ‘मे’ म्हणजे परवानगी की शक्यता, हे ऐकणाऱ्याला ठरवावं लागतं. ते वाचताना मला नववीचा फळा दिसला. नंतर संगणकाच्या खोबणीलाही पोर्ट म्हणतात हे कळलं, तेव्हा तो ‘पोर्टा’च्या घरातला असणार हे लगेच लक्षात आलं.

आता मुलांच्या हातात मोबाईल आहे. शब्द टाकला की अर्थ समोर येतो, आणि बहुतेक मुलं पहिल्याच अर्थावर थांबतात. मला ते खुपतं. म्हणून शाळेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात माझी एक विनंती आहे. आठवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गात एकेक मोठा इंग्रजी-मराठी कोश ठेवावा आणि आठवड्यातून एक तास एकाच शब्दाला द्यावा. कोशांचा खर्च मी करतो. पहिला शब्द कोणता घ्यायचा, ते यंदाच्या नववीने ठरवावं.