आमची वाटचाल : अंगणातली भट्टी

पाटीवर 2014 लिहिलंय, पण माझ्या हिशेबी आमचा धंदा 21 ऑक्टोबर 2015 ला सुरू झाला. दसऱ्याची आदली रात्र. त्याआधीची सगळी हौस.

मी शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडली होती. कुंभार वेशीतले मामा (नात्यातले नव्हेत, सगळी गल्लीच त्यांना मामा म्हणते) चाकावर बसायचे. पैसे माझे, हात त्यांचे. सुरुवातीला जुळे सोलापुरातल्या आमच्या अंगणात गोवऱ्या-चिपाडांचा आवाच (उघड्यावर रचून पेटवायची कुंभारी भट्टी) लावायचो. धूर कॉलनीला चालेना, दोरीवरच्या कपड्यांवर काजळी बसायला लागली. म्हणून गॅसची भट्टी घ्यायचं ठरलं.

बांधणारा बाहेरगावचा. नाव घेत नाही, घ्यायची इच्छा मात्र रोज होते. पंच्याऐंशी हजार घेतले आणि भट्टी बसवली थेट शहाबादी फरशीवर, मध्ये विटांचा एकच थर. कंपाउंडची भिंत दीड फुटावर. सिलिंडर सावलीत हवेत म्हणून हौदाच्या झाकणाशेजारी ठेवले. आपल्याकडे नळाला रोज पाणी कुठलं, त्यामुळे अंगण तिथं हौद आहेच. मामांनी विचारलंही, "खाली येवढंच व्हय?" तो त्यांच्याकडे न बघता मला म्हणाला, "मॅडम, काही होत नाही."

पहिल्या दोन भाजण्या नीट उतरल्या. तिसरी दिवाळीची, आत दोन हजार पणत्या. दसऱ्याच्या आदल्या त्या रात्री साडेदहाला काटा 700 अंशांच्या आसपास होता आणि खालून सुतळी बाँबसारखा आवाज झाला. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, त्याखाली पावसाळ्याची ओल. उष्णता झिरपत खाली गेली, ओलीची वाफ झाली, तिला वाट मिळेना, फरशी फुटली. भट्टीच्या लोखंडी अँगलचा एक पाय खचला, भट्टी कलली, बर्नर भोकातून बाहेर आला आणि ज्योत विझली. गॅस चालूच. ज्योत विझली की गॅस आपोआप तोडणारा व्हॉल्व्ह त्यानं बसवलाच नव्हता. नंतर विचारलं तर म्हणे, "तुम्ही सांगितलं नव्हतं."

मी दिवा लावायला पडवीकडे पळाले. मामा आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले, "बटनाला हात लावू नका ओ ताई!" बटनाच्या ठिणगीनंही गॅस पेटला असता. अंधारात चाचपडत त्यांनी दोन्ही सिलिंडर बंद केले. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, वर जात नाही, खड्डा शोधतो. आमच्या अंगणातला सगळ्यात मोठा खड्डा हौद. पहाटे झाकणाच्या फटीशी नाक नेलं तर वास तिथंच साचलेला. नळाला पाणी येण्याचा दिवस होता आणि पंपाचं बटन हौदाच्या कडेलाच. झाकण उघडून दुपारपर्यंत अंगण तसंच मोकळं ठेवलं. पाणी आलं आणि गेलं, पंपाला कुणी हात लावला नाही.

पणत्या गेल्या. ऑर्डर गेल्या. नवऱ्यानं दोन महिने भट्टीचा विषय काढला नाही, ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. फक्त होटगी रोडच्या नर्सरीवाले काका लुनावरून आले, फुटलेल्या फरशीकडे बघितलं आणि तीनशे कुंड्यांचे पैसे आगाऊ देऊन गेले. पावती मागितली नाही. आजही त्यांची कुंडी मी स्वतः वाजवून बघितल्याशिवाय टेम्पोत चढत नाही.

दुसरी भट्टी आम्हीच बांधली. खाली पोकळ सिमेंटचे ब्लॉक आडवे, भोकं समोरासमोर, म्हणजे त्यातून वारा खेळतो. त्यावर भाजक्या विटा, मग फायरब्रिक, म्हणजे आच सोसणारी वीट. भिंतीपासून पाच फूट. वर उंच पत्रा, बाजू उघड्या. हिरवी जाळी काढली, कडुलिंबाच्या दोन फांद्या तोडल्या. सिलिंडर दुसऱ्या टोकाला, उभे, हौदापासून लांब आणि कारखान्याचे 19 किलोचे. घरचा लाल सिलिंडर कुणी भट्टीला लावू नका, कायद्यात बसत नाही आणि एकटा पुरतही नाही. जोरात गॅस ओढला की सिलिंडर गार पडतो, बाहेरून दव धरतो, आतला दाब उतरतो. मग लोक त्यावर गरम पाणी ओततात. ओतू नका. दोन सिलिंडर जोडा. आणि बाजू बंद करून भट्टीची खोली करू नका. जळणातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.

आतली उष्णता मोजणारं थर्मोकपल आहे, पण मामांचा भरवसा थाळीवर. सुरुवातीच्या तासांत झरोक्यासमोर गार स्टीलची थाळी धरायची. तिच्यावर वाफ धरते तोवर आच वाढवायची नाही, माल अजून ओला आहे. पुढं 573 अंशांच्या आसपास मातीतलं क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज) एकदम फुगतं, तिथंही सबुरी. घाई करणारे तडे मोजत बसतात आणि दोष मातीला देतात.

2016 च्या संक्रांतीची सुगडी नव्या भट्टीतून निघाली. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी लग्नासाठी योगदंड दिला तो कुंभाराच्याच लेकीला, हे मामा गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या जत्रेच्या दिवसांत भेटेल त्याला सांगतात. त्या वर्षी भट्टीला हळद-कुंकू लावताना तिलाही सांगितलं.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. माल जातो, पैसे येतात, दोघी बायका कामाला आहेत.

गेल्या महिन्यात विजापूर रोडचा एक मुलगा भट्टी बघायला आला. अंगणात भट्टी घालायची म्हणत होता, एकाला विसारही देऊन बसलेला. खिशातून त्या माणसाचं कार्ड काढून दाखवलं. कार्डावर आमची पहिली भट्टी छापलेली, नवी कोरी, हार घातलेली. मागं कोपऱ्यात हौदाचं झाकणही दिसत होतं.