नावावरची नागमोडी रेघ

सप्टेंबरच्या मध्यावर आमच्या दुकानात मान वर करायला फुरसत नसते. पिट्सबर्गमध्ये पाट्या, ढाली आणि पदकं कोरायचं काम मी 11 वर्षं करतेय. हात बसला तो मात्र कोल्हापुरात. वडिलांचं शिक्क्यांचं आणि पाट्यांचं दुकान होतं. तालमींच्या ढाली आणि मानाच्या गदांवरच्या पट्ट्या तिथेच कोरल्या जायच्या.

15 सप्टेंबर हा बेसबॉलमध्ये रोबेर्तो क्लेमेंते या खेळाडूचा दिवस, आणि अमेरिकेत हिस्पॅनिक वारशाचा महिनाही त्याच दिवशी सुरू होतो. त्या दिवशी संध्याकाळी सहाला बीचव्ह्यूमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये सत्कार होता. सात ढाली द्यायच्या होत्या. सातांपैकी एकाचंही नाव पेपरात छापून आलेलं नव्हतं. एक बाई गेली कित्येक वर्षं मुलांच्या जर्सी घरी धुतात आणि मॅचला मुलांना आपल्या व्हॅनमधून नेतात. दोघं पंच, दोघं फुटबॉलचे कोच, एक मुलांना पोहायला शिकवणारी मुलगी. सातवे होते पोर्तो रिकोहून आलेले एक आजोबा. उजाडायच्या आत मैदानावर जाऊन ते फक्की मारतात आणि मग दिवसभर मुलांना बेसबॉल शिकवतात. खेळाडू घडतो तो अशा माणसांच्या जिवावर, म्हणून या ऑर्डरचं मला मनापासून अप्रूप होतं.

अडीच वाजता आजोबांची मुलगी ढाली न्यायला आली. वडिलांची ढाल तिने हातात घेतली, पितळी पट्टीवरून अंगठा फिरवला आणि क्षणभर थांबली.

"काही चुकलंय का?" मी विचारलं.

"नाही, चालेल. बाबांना सवय आहे."

ते 'चालेल' मला लागलं. इथे आल्यावर माझ्या आडनावातला 'ळ' गेला तो गेलाच. दवाखान्यात भलत्याच नावाने हाक मारतात, तेव्हा मीही उठून उभी राहते. दुरुस्त करत नाही. म्हणून मी तिला बसवलं, कागद-पेन पुढे केलं आणि म्हटलं, "तुमच्या हाताने लिहा."

तिने लिहिलं तेव्हा एक नाही, दोन चुका निघाल्या. स्पॅनिश रिवाजात आधी वडिलांचं आडनाव येतं, मग आईचं. आमच्या ऑर्डरच्या फॉर्मवर मात्र तीनच चौकोन असतात. त्यामुळे वडिलांचं आडनाव मधल्या नावासारखं दबून गेलं होतं आणि आईचं शेवटी मिरवत होतं. दुसरी चूक 'एन'ची. त्याच्या डोक्यावर नागमोडी रेघ असली की ते 'एन्ये' होतं, वेगळं अक्षर. उच्चार साधारण आपल्या 'न्य'सारखा. आमच्या पट्टीवर साधं 'एन' होतं. "पेन्या म्हणजे कडा," ती म्हणाली, "आणि रेघ काढली की पेना. पेना म्हणजे दुःख." आपल्याकडे काळ आणि काल, तसंच हे.

मला क्लेमेंते आठवला. कामावर येताना मी रोज त्याच्या नावाचा पिवळा पूल ओलांडते. पिट्सबर्ग पायरेट्सकडून तो 1955 ते 1972 अशी 18 वर्षं खेळला. 1971ची वर्ल्ड सीरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम लढत, जिंकल्यावर टीव्हीसमोर त्याने आधी स्पॅनिशमध्ये आई-वडिलांचा आशीर्वाद मागितला आणि मग इंग्रजीत बोलला. 30 सप्टेंबर 1972ला त्याने 3,000वा हिट (तळ गाठून देणारा फटका) मारला. नियमित हंगामातला तो त्याचा शेवटचाच ठरला. डिसेंबरात निकाराग्वातलं मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झालं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी मदतीचं सामान घेऊन तो स्वतः विमानात बसला, आणि सान हुआनजवळ ते विमान समुद्रात कोसळलं. क्लेमेंते सापडलाच नाही. खेळ थांबल्यावर पाच वर्षं थांबायचा नियम त्याच्यासाठी बाजूला ठेवून 1973 साली त्याला कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या दालनात, घेतलं. तो मान मिळालेला लॅटिन अमेरिकेतला तो पहिला खेळाडू.

आणि तिथल्या त्याच्या ढालीवर कोरलं काय? 'रोबेर्तो वॉकर क्लेमेंते'. वॉकर हे आईचं आडनाव, ते मध्ये घातलं. हीच चूक! ती दुरुस्त करून नवी ढाल ओतली 2000 साली, म्हणजे 27 वर्षांनी. हयातीतही बेसबॉलच्या कार्डांवर बरीच वर्षं त्याला 'बॉब' करून टाकलं होतं आणि ते त्याला अजिबात आवडत नसे. कोरणाऱ्या माणसाला ही गोष्ट फार जवळून कळते. पितळेवरची चूक खोडता येत नाही.

तीन वाजले होते. मी बाकीच्या सहा नावांसाठी आयोजकांना फोन लावला. आणखी दोन नावांतल्या अक्षरांवरची आघातचिन्हं, म्हणजे उच्चाराचा जोर दाखवणाऱ्या तिरप्या रेघा, गळलेली निघाली. एकूण तीन पट्ट्या नव्याने करायच्या होत्या. जुनी पट्टी गरम हवेने सैल केली, खालून पातळ सुरी सरकवली आणि लाकडावरचा चिकटा पुसून काढला. ढालींसाठी आम्ही वापरतो त्या फाँटमध्ये 'एन्ये' नव्हतंच. संगणकावर कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षर मोठं करून मी ती रेघ हाताने काढली. एक चढ, एक उतार. पहिल्या वेळी ती 'एन'ला टेकली आणि लेझरने दोन्ही मिळून एकच डाग केला. ती पट्टी टाकून दिली. दुसऱ्या वेळी केसाएवढी फट ठेवली. काळी लाख जळून खालचं पितळ उजळत गेलं, सगळ्यात शेवटी ती रेघ उमटली. मुलगी काचेला नाक लावून बघत होती.

2016 साली मेजर लीग बेसबॉलने जर्सीवर आघातचिन्हं लावायची मोहीम काढली. 2022च्या वर्ल्ड सीरीजचा मानकरी ह्यूस्टनचा जेरेमी पेन्या, त्याच्या पाठीवर ती रेघ आहे. फक्की मारणाऱ्या माणसाच्याही नावावर ती असायलाच हवी, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

उशीर झाला म्हणून मुलीला गाडीत घेऊन मीच ढाली पोचवल्या आणि हॉलमध्ये मागे उभी राहिले. जर्सी धुणाऱ्या बाईंचं नाव पुकारलं तेव्हा खुर्च्यांवरची मुलं उभी राहून ओरडली. आजोबा सगळ्यात शेवटी गेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बुटांच्या शिवणीत मात्र चुना तसाच. ढाल घेऊन ते जागेवर आले, खिशातून चष्मा काढला आणि पट्टी डोळ्यांजवळ धरली. बराच वेळ ती तशीच होती. मग शर्टाच्या बाहीने त्यांनी तिच्यावरचे बोटांचे ठसे पुसले आणि ढाल शेजारच्या नातीच्या मांडीवर ठेवली.

तिने बोट ठेवून वाचलं. नाव, वडिलांचं आडनाव, आईचं आडनाव.

"ओत्रा वेस," ते म्हणाले. परत एकदा.

तिने परत वाचलं.