तुम्ही विचारलंत म्हणून: गीतरामायणाचा वाढदिवस नेमका कधी?

मार्च संपत आला की हा प्रश्न ठरलेला: "गीतरामायणाचा वाढदिवस १ एप्रिलला धरायचा की रामनवमीला?" विचारणारे बहुतेक कुठल्या तरी मंडळाचे कार्यक्रम ठरवणारे असतात, नाहीतर दिनविशेष लिहिणारे. उत्तर एका ओळीत देता येतं, पण त्याने कुणाचं समाधान होत नाही. म्हणून जरा सविस्तर.

रामकथा गाण्यांतून सांगणाऱ्या या मालिकेचं पहिलं गाणं पुणे आकाशवाणीवरून लागलं ते १ एप्रिल १९५५ रोजी सकाळी पावणेनऊला. वार शुक्रवार, तिथी चैत्र शुद्ध नवमी. म्हणजे त्या वर्षी तारीख आणि तिथी एकाच दिवशी आली होती, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ चं, म्हणजे तेव्हा जेमतेम दीड वर्षाचं. कार्यक्रमांची जबाबदारी सीताकांत लाड यांच्याकडे होती. शब्द ग. दि. माडगूळकर ऊर्फ गदिमांचे, चाली सुधीर फडके ऊर्फ बाबूजींच्या. दोघांचाही जन्म १९१९ चा, तेव्हा पस्तिशीतले.

नोंद म्हणून विचाराल तर १ एप्रिल. उत्सव म्हणून विचाराल तर रामनवमी. २०२३ ला रामनवमी ३० मार्चला होती, २०२४ ला १७ एप्रिलला, २०२५ ला ६ एप्रिलला. त्यामुळे "रामनवमी, १ एप्रिल" असं आंधळेपणाने छापलं की बहुतेक वर्षी चुकतं. साधारण एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जवळ येतात. २०१२ मध्ये रामनवमी बरोबर १ एप्रिललाच होती, कारण १९५५ नंतर तोवर एकोणीस वर्षांचे तीन फेरे पूर्ण झाले होते.

याला जोडून दुसरा प्रश्न येतो: "गाणी छप्पन्नच का?" कुणी छप्पन्न भोगांशी नातं लावतं. तसं काही नाही, हा पंचांगाचा हिशेब आहे. दर शुक्रवारी एक नवं गाणं, वर्षाला ५२, असं ठरलं होतं. त्या वर्षी अधिक महिना आला, अधिक भाद्रपद, आणि चार गाणी वाढली. एवढं सगळे सांगतात, पण कागदावर मांडून फारसं कुणी पाहत नाही. पाहा.

१ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुढची रामनवमी १९ एप्रिल १९५६ ला, म्हणजे ३८४ दिवसांनी. या काळात पहिला धरून शुक्रवार येतात ५५, शेवटचा १३ एप्रिल १९५६ चा. रामनवमी मात्र गुरुवारी. ५५ शुक्रवार आणि तो एक गुरुवार, झाले ५६. आता अधिक महिना नाही असं समजा. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, म्हणजे रामनवमी २० मार्च १९५६ च्या आसपास आली असती. शुक्रवार ५१ आणि वर रामनवमीचा दिवस, ५२. दोन्ही आकडे इतके चोख बसतात की रामनवमी ते रामनवमी हेच माप होतं, १ एप्रिल ते ३१ मार्च नव्हे, हे कुणी न सांगताही कळतं. तिथीचा हट्ट धरणाऱ्यांची बाजू इथे भक्कम होते, हे तारीखवाल्यांनी मान्य करावं.

हाच हिशेब धरून, गुरुवारचं शेवटचं सोडलं तर, कुठलंही गाणं कधी लागलं असेल ते काढता येतं. गाण्याच्या क्रमांकातून एक वजा करा, सातने गुणा, तेवढे दिवस १ एप्रिल १९५५ मध्ये मिळवा. यातून दिनविशेषातली सगळ्यात मोठी चूक पकडता येते. "१ एप्रिल १९५५ ला 'राम जन्मला ग सखी' प्रथम ऐकू आलं" असं सर्रास लिहिलं जातं. मुहूर्त रामनवमीचा, तेव्हा गाणंही जन्माचंच असणार, असा साधा समज. पण जन्माचं गाणं क्रमाने सहावं. पाच गुणिले सात, पस्तीस दिवस, म्हणजे ६ मे. चैत्र संपून वैशाख निम्मा झाला तेव्हा रेडिओवर राम जन्मला! पहिलं गाणं कुशलवांचं, 'स्वये श्री रामप्रभू ऐकती', रामासमोर त्याचीच कथा गाणाऱ्या मुलांचं, भूप रागातलं. दुसरं 'शरयू तीरावरी अयोध्या' देसकाराच्या अंगाने जातं. सूर तेच पाच, पण भूपात गंधारावर जोर तर देसकारात धैवतावर. लागोपाठ ऐकलीत तर फरक कानाला लगेच कळतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीत हमखास रविवार येतो: "रविवारी सकाळी सगळे रेडिओपुढे बसायचो." त्यांना खोटं पाडू नका. शुक्रवारचं गाणं शनिवारी आणि रविवारी त्याच वेळी पुन्हा लागायचं, आणि सुट्टीच्या सकाळी ऐकणारे जास्त. आठवण बरोबर, फक्त तो दिवस पहिल्या प्रसारणाचा नव्हे.

तिसरी गफलत आवाजाची. आज आपल्याकडे ५६ ही गाणी आहेत ती बाबूजींच्या एकट्याच्या आवाजात, नंतर ध्वनिमुद्रित झालेली. १ एप्रिलला तेच लावून "मूळ प्रसारण" म्हणायचं नाही. रेडिओवर पात्रागणिक गायक वेगळे होते: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, राम फाटक. शेवटून दुसरं, सीतेचं 'मज सांग लक्ष्मणा', लता मंगेशकरांचं. बाबूजी स्वतः मुख्यतः रामाची गाणी गायले.

  

आता मंडळवाल्यांसाठी. गुढीपाडव्यापासून रामनवमीपर्यंत ५६ ही गाणी घ्यायची असतील तर एरवी नऊ दिवस मिळतात. पहिले आठ दिवस रोज सहा, शेवटच्या दिवशी आठ. निवेदन आवरतं ठेवलं तर सहा गाण्यांना दीड तास पुरतो. तिथीचा क्षय असेल त्या वर्षी आठच दिवस हाताशी येतात, मग रोज सात. पंचांग आधी बघा आणि मगच हॉल बुक करा. शेवट 'गा बाळांनो, श्रीरामायण' या भैरवीनेच, तिला मागेपुढे करू नका. अडचण एकच राहते. या वाटणीत 'राम जन्मला' पाडव्यालाच गाऊन होतं, आणि रामनवमीला दुपारी बारा वाजता पाळण्याची दोरी हातात घेतलेल्या बायका तेच मागतात. तेव्हा क्रमाची सबब सांगत बसू नका. सुंठवडा वाटायच्या आधी ते पुन्हा म्हणा, सत्तावन्नावं म्हणून.