गवळण बसवायची तर फाईल आपल्याकडे हवी

आमच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवते. कणकवली तालुक्यातलं गाव, बायकांचं मंडळ, चतुर्थीच्या दिवसांत घरोघरी भजनं. पेटी मी शिकले शेजारच्या वाडीतल्या बुवांकडे, तीही उशिरा, मुलं मार्गी लागल्यावर. बुवा आता मुलाकडे मुंबईला असतात. शिकवणी थांबली, पण शिकायचं पुष्कळ राहिलंय. विशेषतः त्यांची एक गवळण आहे, तिच्या दुसऱ्या कडव्यानंतर ते पेटीवर जी जागा घेतात ती मला हवीच होती. म्हणून विरारचा माझा भाचा त्यांच्या एका डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, गेला आणि सगळी बारी मोबाईलवर शूट करून आला. मी त्याला आधीच बजावलं होतं, चेहरा नाही दिसला तरी चालेल, उजवा हात सोडू नको.

दोन दिवसांनी त्याचा फोन. "आत्ये, लिंक पाठवलंय. लॅपटॉपार उतरून घे."

लिंक गुगल ड्राइव्हची होती. ती उघडली की व्हिडिओ तिथल्या तिथे दिसायला लागतो, त्यामुळे वाटतं की काम झालं, आता उतरवायचं, म्हणजे डाउनलोड करायचं, कशाला? पण आमच्या पडवीत रेंज कमी. बुवांनी आलाप सुरू केला की चक्र फिरायचं, परत सुरू व्हायचं, परत चक्र. शिवाय चित्र इतकं धूसर की बोटं कुठल्या पट्टीवर आहेत ते कळेना. असं चित्र बघून पेटी शिकता येत नाही. भजनी ठेका आठ मात्रांचा, त्यातली एक मात्रा जरी नेटने खाल्ली तरी सगळा हिशेब जातो.

हे असं का होतं ते भाच्याने मला फोनवर आकड्यांत समजावलं आणि तो हिशेब मला फार आवडला, म्हणून इथे देते. त्याच्या फोनवर फुल एचडीत शूट केलं की मिनिटाला साधारण ६० एमबी होतात. नेटचा वेग मात्र एमबीपीएसमध्ये सांगतात, आणि ते मेगाबिट असतात, मेगाबाइट नव्हेत. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे ८ एमबीपीएसचं नेट सेकंदाला १ एमबी आणतं, मिनिटाला ६०. शूटिंगही मिनिटाला ६० एमबीच. तेवढा वेग असेल तर मूळ व्हिडिओ जेमतेम न थांबता चालेल. आमच्याकडे संध्याकाळी २ एमबीपीएस मिळाले तरी नशीब. मग तो अडखळणारच, नाहीतर ड्राइव्ह त्याचा दर्जा कमी करून धूसर चित्र पाठवणार. उतरवून घेतलेल्या फाईलला ही अडचण नाही. ती यायला तिप्पट-चौपट वेळ लागो, एकदा आली की बुवा सलग गातात.

भाच्याने बारीच्या दोन फाईली ठेवल्या होत्या. गवळणीचा भाग चाळीस मिनिटांचा, म्हणजे २.४ जीबी. पूर्ण बारी दीड तासाची, ५.४ जीबी. माझा रिचार्ज रोजच्या १.५ जीबीचा. तेव्हा आधी जास्तीच्या डेटाचं व्हाउचर घेतलं आणि गवळणीचाच भाग उतरवायचा ठरवला. रात्री अकरानंतर गाव झोपलं की रेंज चांगली चालते, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मोबाईलचा हॉटस्पॉट लावून फोन खिडकीत ठेवला, लॅपटॉप चार्जिंगला लावला आणि तो झोपी जाणार नाही अशी सेटिंग केली. ही सेटिंग महत्त्वाची. स्क्रीन काळी झाली तरी चालतं, पण लॅपटॉप स्लीपमध्ये गेला की डाउनलोड थांबतं.

गुगल ड्राइव्हवर वरच्या बाजूला खाली जाणाऱ्या बाणाचं चिन्ह असतं, ते दाबायचं. फाईल मोठी असली की ड्राइव्ह एक सूचना देतं, की एवढ्या मोठ्या फाईलमध्ये व्हायरस आहे का ते तपासता येत नाही, तरीही उतरवायची का? नवख्या माणसाला इथे धडकी भरते. लिंक आपल्या माणसाने पाठवलेली असेल, त्याच्याशी फोनवर बोलणं झालेलं असेल, तर खुशाल पुढे जावं. अनोळखी नंबरवरून आलेली असेल तर तिथेच थांबावं.

डाउनलोड चालू असताना फोल्डरमध्ये फाईल दिसायला लागते, पण तिच्या नावाच्या शेवटी क्रोम स्वतःचं एक लांबलचक शेपूट लावतं, सीआरडाउनलोड असं. ते शेपूट आहे तोवर फाईल अपुरी. मंडळातल्या एका वहिनींनी अशीच अर्धवट फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावली होती, ती काही चालली नाही. मधेच रेंज गेली तर घाबरू नये, डाउनलोडच्या यादीत जाऊन पुन्हा सुरू करता येतं आणि बहुतेक वेळा जिथे थांबलं तिथूनच पुढे जातं.

सकाळी फाईल आली. लॅपटॉपबरोबर आलेल्या प्लेअरमध्ये उघडली तर बुवांचा आवाज स्वच्छ आणि पडदा काळा! भाचा म्हणाला, फाईल ठीक आहे, प्लेअर बदल. एमपी४ हा फाईलचा प्रकार म्हणजे नुसता डबा असतो, आत चित्र आणि आवाज वेगवेगळ्या पद्धतीने बांधून भरलेले असतात. त्याच्या फोनने चित्र एचईव्हीसी नावाच्या पद्धतीने बांधलं होतं. ही पद्धत २०१३ मधली. आधीची एच२६४ ही २००३ ची, ती जवळपास सगळीकडे उघडते. नवीन पद्धतीत तेच चित्र निम्म्या जागेत मावतं, पण ती सोडवणारा भाग प्लेअरमध्ये असावा लागतो. नसला की असा नुसताच आवाज येतो.

मग व्हीएलसी घेतला. नारिंगी-पांढऱ्या शंकूचं चिन्ह असतं तो. १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी, कॉलेजच्या नेटवर्कवर टीव्ही बघता यावा म्हणून हे काम सुरू केलं आणि २००१ पासून ते सगळ्या जगाला मोफत, मुक्त आहे. जाहिरात नाही, नाव नोंदवा नाही, पैसे भरा नाही. मुलांनी स्वतःच्या गरजेसाठी केलेली गोष्ट आज माझ्या पडवीत बुवांना उभं करते, याचं मला खरंच अप्रूप आहे. तो घ्यायचा मात्र व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग या त्यांच्याच संकेतस्थळावरून. २०२२ मध्ये काही महिने हे संकेतस्थळ भारतात बंद केलेलं होतं, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुन्हा उघडलं. त्या काळात पुष्कळांनी तो भलत्याच ठिकाणांहून घेतला असणार. आता तशी गरज नाही.

भलत्या ठिकाणांबद्दल थोडं कडक बोलते. 'व्हिडिओ डाउनलोड' असं शोधलं की अशी पानं निघतात, जिथे हिरवी, निळी, लुकलुकणारी पाच-सहा बटणं असतात आणि त्यातली बहुतेक जाहिरातीची. दाबलं की व्हिडिओऐवजी ईएक्सई शेपटाची फाईल उतरते. व्हिडिओच्या नावाशेवटी एमपी४, एमकेव्ही, वेबएम असलं काहीतरी असतं. ईएक्सई म्हणजे प्रोग्राम, तो व्हिडिओ नव्हेच. विंडोज ही शेपटं लपवून ठेवतं. फोल्डरच्या व्ह्यू मेनूत जाऊन ती दिसतील असं करून घ्या, कॉम्प्युटर शिकणाऱ्या प्रत्येक बाईला मी हे सगळ्यात आधी दाखवते.

आता मला ज्यासाठी हे सगळं हवं होतं ते सांगते.

व्हीएलसीमध्ये डावा चौकोनी कंस दाबला की वेग एका पायरीने कमी होतो. एकदा दाबला तर ०.९०, पुन्हा दाबला तर ०.८०. कोपऱ्यात आकडा उमटतो. आणि सूर बदलत नाही! कॅसेटच्या काळात टेप हळू केली की आवाज जड व्हायचा, पट्टी उतरायची, पेटी जुळायची नाही. इथे बुवा काळी दोन या पट्टीमध्ये गात असतील तर निम्म्या वेगातही काळी दोनमध्येच गातात. मी समोर पेटी घेऊन बसते आणि त्यांच्याबरोबर वाजवते. बरोबरीचं चिन्ह दाबलं की वेग पुन्हा मूळचा.

शिफ्ट धरून डावा बाण दाबला की तीन सेकंद मागे. एका हरकतीला तीन सेकंद पुरतात. व्ह्यू मेनूतून जास्तीची बटणं उघडली की त्यात ए-बी असं एक बटण मिळतं. जागेच्या सुरुवातीला एकदा दाबायचं, शेवटी एकदा, की तेवढाच तुकडा आपण थांबवेपर्यंत फिरत राहतो. बुवांना मी कधी "पुन्हा एकदा वाजवा" असं चार वेळा म्हटलं नसतं, संकोच वाटला असता. इथे कितीही वेळा ऐका.

आणि ई ही कळ. ती दाबली की चित्र एकच घर पुढे सरकतं. सेकंदाला तीस चित्रं असतील तर सेकंदाचा तिसावा भाग. त्या जागेवर मी ई दाबत गेले तेव्हा दिसलं की बुवा मध्यमावरून पंचमावर जाताना मधलं बोट उचलतच नाहीत, अंगठा त्याच्या खालून सरकवतात आणि मगच मधलं बोट सुटतं. म्हणून तो सूर तुटत नाही. मी इतकी वर्षं तिथे बोट उचलत आले होते आणि मध्ये बारीक फट पडत होती. समोर बसून शिकताना हे नजरेला सापडलं नव्हतं, कारण ते फार पटकन होतं आणि आपण त्यांच्या तोंडाकडे बघत असतो. बुवांना फोन करून विचारलं तर म्हणाले, "होय गो, माझ्या गुरूंचोच हात तो. माका सांगूक सुचला नाय."

पूर्ण बारी देवळातल्या टीव्हीवर सगळ्यांनी मिळून बघायची होती. तीही पुढे तीन रात्रींत उतरवली. १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर टाकायला गेले तर फाईल फार मोठी म्हणून नकार. जागा रिकामी असून नकार का? तर पेन ड्राइव्हची आखणी फॅट३२ पद्धतीची होती आणि तिच्यात एकेक फाईल ४ जीबीच्या आतच लागते. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलं तर ही अट जाते, पण जुने टीव्ही एक्सफॅट वाचतीलच असं नाही, आणि फॉरमॅट केलं की आधीचं सगळं पुसलं जातं. आम्ही दुसरा रस्ता धरला. हँडब्रेक नावाचा मोफत प्रोग्राम घेतला, त्यात 'फास्ट १०८०पी३०' हा तयार पर्याय निवडला आणि एचईव्हीसीचं एच२६४ करून घेतलं. लॅपटॉप जुना, कित्येक तास गुरगुरत होता. फाईल ४ जीबीच्या खाली आली आणि देवळातला टीव्ही तिला काही बोलला नाही.

यूट्यूबवरच्या बाऱ्यांचं काय, असं मंडळात विचारतात. तिथल्या अ‍ॅपमधलं डाउनलोड त्या अ‍ॅपपुरतंच राहतं, व्हीएलसीत उघडेल अशी फाईल हाती लागत नाही. आणि दुसऱ्या बुवांची मेहनत न विचारता भलत्या पानांवरून ओढून घेणं मला पटत नाही. फोन करावा. मालवणकडच्या एका बुवांना मी विचारलं, शिकण्यासाठी हवंय म्हटलं, त्यांनी स्वतःहून मूळ फाईल पाठवली. व्हॉट्सअ‍ॅपवर मागताना एवढंच सांगायचं की डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि बोटं पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंत जशीच्या तशी फाईल जाते.

आपल्याकडच्या किती बाऱ्या चाकरमान्यांच्या फोनमध्ये पडून आहेत. फोन भरला की पहिल्यांदा मोठे व्हिडिओच पुसले जातात. त्यात एखाद्या मृदंगमणींचा हात असतो, एखाद्या गजराची जुनी चाल असते, जी आता कोणी म्हणत नाही. माझ्याकडच्या फाईलींना मी गाव, वर्ष आणि बुवांचं नाव घालून ठेवते आणि दोन ठिकाणी ठेवते, लॅपटॉपवर आणि मुलीकडच्या हार्ड डिस्कवर. तुमच्या फोनमध्ये आपल्या भागातली बारी असेल, तर पुसण्याआधी निदान त्या मंडळाला विचारा, त्यांच्याकडे ती आहे का.