गवती चहाचं तेल आणि सिट्रलचा रिपोर्ट : माझा अनुभव

गवती चहा लावला, कापला, भट्टीवर वाफेनं तेल काढून आणलं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. हिरव्या पाल्याच्या साधारण अर्धा टक्का तेल धरा, म्हणजे टनाला पाच किलोच्या आसपास. अडलं ते पुढे, प्रयोगशाळेच्या खिडकीशी.

व्यापाऱ्याचा पहिला प्रश्न, "ताई, सिट्रल किती?" तेलाला लिंबासारखा वास येतो तो सिट्रलमुळे. चांगल्या तेलात ते ७० ते ८० टक्के असतं. साबण-अत्तरांत तेल जातंच, शिवाय सिट्रलपासून आयोनोन नावाचं सुगंधी रसायन करतात आणि त्यातून पुढे जीवनसत्त्व 'अ'. म्हणून नुसतं हुंगून कोणी दर देत नाही, गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे तेलातले घटक मशीनवर वेगळे करून प्रत्येकाचं प्रमाण मोजणाऱ्या चाचणीचा रिपोर्ट मागतात.

मी गेले तिथे पैसे लगेच भरून घेतले. नमुना मात्र त्यांच्याच पारदर्शक बाटलीत ओतायला लावला आणि ती बाटली उन्हाच्या खिडकीत ठेवली. हलवा म्हटलं, तर "राहू द्या हो, नंबर आला की लावू." मग फोन केला की कधी मशीन बंद, कधी साहेब रजेवर. आठवडे गेले. ऊन, उष्णता आणि हवा लागली की सिट्रल बिघडतं, हे सुगंधी तेलं तपासणाऱ्यांना माहीत नसेल? माझं तेल तिथे रोज थोडं थोडं खराब होणार आणि कमी आकड्याचा रिपोर्ट माझ्या नावावर निघणार. दर माझा पडणार, त्यांचं काय जाणार? तो संताप अजून गेलेला नाही.

शेवटी लेखी अर्ज दिला, की जुना नमुना रद्द करा. घरच्या ॲल्युमिनियमच्या कॅनमधलं तेल गडद तपकिरी काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून नेलं. पोचपावतीवर तारीख आणि बाटलीचा रंगसुद्धा लिहून शिक्का घेतला. आतल्या मॅडमनी बाटली पाहताच मान डोलावली आणि काम हललं. सिट्रल ७८ टक्के! तो कागद मी घरात सगळ्यांना दाखवला.

तुम्ही जाल तेव्हा पोचपावती सोडू नका. आणि हो, नमुना देण्याआधी तेलातलं पाणी काढा. तेल पाण्यावर तरंगतं, तरी वेगळं करताना थोडा अंश राहतोच. निर्जल सोडियम सल्फेट, म्हणजे पाणी शोषून घेणारी पांढरी पूड, टाकून गाळलं की तो जातो. प्लॅस्टिकच्या बाटलीत तेल ठेवू नका. अर्जात शास्त्रीय नाव विचारतात. माझी जात 'कृष्णा', म्हणजे सिम्बोपोगॉन फ्लेक्सुओसस. रोपांच्या बिलावर जात लिहून घेतलेली असली की तिथे अडत नाही. सिट्रोनेला हे वेगळं गवत, त्याच्या तेलात मुख्य घटक सिट्रल नसतो. दोन्ही एकाच भट्टीत काढत असतील तर आधी टाकी धुऊन घ्यायला सांगा.

घरी वापरणाऱ्यांसाठी एवढंच : फरशीच्या पाण्यात थोडे थेंब छान, पण अंगाला नुसतं तेल कधीच लावू नका, आग होते. १०० मिली खोबरेल तेलात १० थेंब पुरे, तेही आधी हातावर थोडं लावून पाहून.