आचके म्हणजे श्वास नव्हे

डेन्मार्कमध्ये २००१ साली रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी महिन्यानंतर जिवंत राहिलेले होते ३.५ टक्के. २०१० मध्ये ते १०.८ टक्के झाले. त्याच काळात रुग्णवाहिका येण्याआधी जवळच्या माणसाने सीपीआर (छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचा प्रथमोपचार) दिल्याचं प्रमाण २१ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर गेलं. मधल्या काळात त्यांनी २००५ पासून शाळेत आणि २००६ पासून वाहन परवान्यासाठी हे प्रशिक्षण सक्तीचं केलं होतं. रुग्णालयांतले उपचारही सुधारले, पण लोकांनी दिलेला एईडीचा (हृदयाची लय परत आणायला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचा) शॉक मात्र तेव्हा जेमतेम २ टक्क्यांवर होता. म्हणून आमचं मत ठाम आहे: आधी हात शिकवा, यंत्रं मागाहून.

आपल्याकडे घोळ होतो तो ओळखण्यात. हार्ट अटॅकमध्ये रक्तवाहिनी तुंबते, माणूस बहुधा बोलत असतो. कार्डिॲक अरेस्टमध्ये रक्ताभिसरणच थांबतं आणि माणूस कोसळतो. मेंदूचं रक्त तुटल्यामुळे सुरुवातीला हातपाय झटकले जाऊ शकतात. मग ‘फीट आली’ म्हणून कांदा नाहीतर चप्पल हुंगवली जाते, तोंडात पाणी घातलं जातं. पुढे मिनिट-दोन मिनिटं आचके येतात, घोरल्यासारखा आवाज येतो, आणि भोवतीचे म्हणतात, ‘श्वास चालू आहे.’ तो श्वास नव्हे. हाक मारून, खांदे हलवूनही प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं पुरे. नाडी शोधत बसू नका. सीपीआर आणि शॉकविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते.

१०८ लावा, फोन स्पीकरवर ठेवा. रुग्णाला गादीवरून जमिनीवर घ्या, कारण गादीवर दाब गादीच खाते. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळव्याचा मनगटाकडचा भाग, त्यावर दुसरा हात. कोपरं ताठ, खांदे बरोबर वर. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. रेलून राहिलात तर हृदयात रक्त भरतच नाही. दोन मिनिटांत हात थकतात आणि दाब नकळत उथळ होतो, म्हणून माणूस बदला. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबू नका. तोंडाने श्वास देता येत नसेल तर नुसतं दाबत राहा. लहान मूल किंवा बुडालेला माणूस असेल तर मात्र श्वास महत्त्वाचे, ३० दाबांमागे २.

काही जणांना आधीच इशारा मिळालेला असतो. पळताना किंवा खेळताना चक्कर येऊन पडणं, घरात कुणाचा चाळिशीच्या आत अचानक मृत्यू, हे ‘अशक्तपणा’ म्हणून सोडू नका. ईसीजी आणि टूडी-इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. अटॅक येऊन गेलेल्यांनी आपला इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं, ते विचारावं. औषधांनंतरही तो ३५ टक्के किंवा कमी राहिला, तर आयसीडी (गरज पडताच आतूनच शॉक देणारं, शरीरात बसवायचं छोटं यंत्र) बसवण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं.

सोसायटीत एईडी घेतलाच, तर पेटीत कात्री, रेझर आणि टॉवेल ठेवा. घामावर किंवा दाट केसांवर पॅड नीट चिकटत नाही. एक पॅड उजव्या कॉलर बोनखाली, दुसरा डाव्या काखेखाली बरगड्यांवर. पॅडची मुदत आणि बॅटरी दर महिन्याला बघा. आणि यंत्र सेक्रेटरींच्या कुलूपबंद ऑफिसात नको, वॉचमनच्या केबिनबाहेर टांगा.