लायब्ररी बंद, दारूचं दुकान चालू

परवा मामीचा फोन आला. मामेभावाला ऑन्टॅरिओतल्या एका कॉलेजात ॲडमिशन मिळालीये, घरात आनंदीआनंद, आणि त्यात कोणीतरी मामीला व्हॉट्सॲपवर काहीतरी ढकललंय. "अगं, तिकडे म्हणे कोरोनात कॉलेजची सगळी पोरं नशेला लागली, आणि सरकारनेच गांजाची दुकानं उघडी ठेवली होती? खरं का हे?" मी जी सुटले ती सुटले. इथे कसे नियम असतात, कसं वय तपासतात, कसं सगळं सीलबंद मिळतं, वगैरे वगैरे. जणू कॅनडा सरकारने मला पगारावर ठेवलंय. मामी ऐकून घेऊन म्हणाली, "बरं बरं, म्हणजे खरं आहे तर."

तेव्हापासून डोक्यात भुंगा. सगळी पोरं नशेला लागली हे साफ खोटं. पण खरं काय झालं ते मी बेसमेंटमध्ये बसून बघितलंय आणि ते एका फोनमध्ये मावणारं नाही.

2020 च्या मार्चमध्ये मी किचनर-वॉटर्लूला एका घराच्या बेसमेंटमध्ये इतर विद्यार्थ्यांबरोबर राहत होते. 17 मार्चला ऑन्टॅरिओत इमर्जन्सी लागली आणि 24 तारखेच्या रात्रीपासून अत्यावश्यक नसलेलं सगळं बंद. लायब्ररी तर आधीच बंद झालेली. जिम बंद, लॅब बंद, पोरांच्या घसरगुंड्यांना पिवळ्या पट्ट्या गुंडाळलेल्या. आणि एलसीबीओ, म्हणजे इथलं सरकारी दारूचं दुकान, चालू! वेळ कमी केली, पुढे सोमवारी बंद ठेवायला लागले, पण चालू. दोन-दोन मीटरवर खुणा, दारात एक माणूस किती गेले किती आले ते मोजतोय, आणि लोक गोठलेल्या हातांनी शांतपणे रांगेत. मला माझ्या थिसिसचं एक पुस्तक हवं होतं, ते लायब्ररीच्या काचेच्या दारातून जवळपास दिसेल इतक्या जवळ होतं, ते मिळणार नाही पण व्होडका मिळेल. माझा संताप संताप झाला होता. घरी फोनवर मी तेव्हा तावातावाने सांगायचे की बघा, आपल्याकडे निदान हे तरी नाही, आपल्याकडे पंतप्रधानांनी सांगितलं बंद की बंद.

गांजाच्या दुकानांचं तर आणखीच नाटक. ती आधी अत्यावश्यक यादीत होती, 3 एप्रिलला जाहीर झालं की आता नाहीत, आणि 7 एप्रिलला नवा आदेश, की आत गिऱ्हाईक घ्यायचं नाही पण दाराशी आणून द्या किंवा घरपोच द्या. सरकारी ऑनलाइन दुकान तर पूर्ण वेळ चालूच होतं. इथे गांजा कायदेशीर झाला 17 ऑक्टोबर 2018 ला, म्हणजे दीड वर्षही झालं नव्हतं, आणि तेवढ्यात तो भाजीपाला आणि औषधांच्या पंगतीत जाऊन, उठवला जाऊन, परत दारात बसलासुद्धा.

यामागचं कारण मला नंतर एका नर्सिंगवाल्या मैत्रिणीने समजावलं आणि तिथे माझं तोंड बंद झालं. ज्याला रोज भरपूर प्यायची सवय आहे त्याची दारू एकदम तोडली की फिट येतात, भ्रम होतो, माणूस दगावूसुद्धा शकतो. हॉस्पिटलात कोविडसाठी खाटा नाहीत आणि त्यात हे सगळे येऊन पडले तर? म्हणून दुकान चालू. आपल्याकडे केरळमध्ये काय झालं आठवतंय ना? लॉकडाऊनच्या पहिल्या काही दिवसांत दारू न मिळाल्याने लोकांनी जीव दिले, मग सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू द्यायची असं ठरवलं, त्यावर डॉक्टरच चिडले, आणि 2 एप्रिलला हायकोर्टाने स्थगिती दिली. आणि मग 4 मे. वाइन शॉपसमोरच्या त्या रांगा इथल्या टीव्हीवर दाखवल्या, दिल्लीने दुसऱ्या दिवशी 70 टक्के कोरोना फी लावली तरी रांग हलेना, मुंबईत तर दुकानं लगेच परत बंद करावी लागली. माझ्या घरातला कॅनेडियन मुलगा ते बघून हसला, आणि मला आला राग. अरे, तुमच्याकडे दुकान सोमवार सोडला तर एक दिवस बंद नव्हतं म्हणून तुमची रांग सभ्य! चाळीस दिवस कोंडून ठेवून बघ आणि मग सांग कोण किती सभ्य ते. आम्ही यावर बराच वेळ भांडलो, दोघंही न पिता.

असो. पण ते फिटबिटचं कारण मोठ्या माणसांचं. विशीतल्या पोरांना कुठे तसलं काही होत होतं? त्यांच्यासाठी दुकान फक्त उघडं होतं, एवढंच. आणि गंमत म्हणजे दुकान उघडं असूनसुद्धा पोरं एकूणात कमी प्यायली. हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. अमेरिकेत दरवर्षी एक मोठी पाहणी होते, मॉनिटरिंग द फ्यूचर नावाची, त्यात गेल्या महिन्याभरात एकदा तरी झिंगेपर्यंत प्यायलो असं सांगणारी कॉलेजची पोरं 2019 मध्ये 35 टक्के होती, ती 2020 मध्ये 28 टक्क्यांवर आली. एका वर्षात! त्याच पाहणीत वर्षभरात गांजा घेतलेले मात्र 44 टक्के, तीस-पस्तीस वर्षांतला सगळ्यात मोठा आकडा.

आमच्या गल्लीत बसून बघितलं तर यात काही नवल नव्हतं. इथल्या पोरांचं पिणं म्हणजे शुक्रवार-शनिवारचं, तीसजण एका घरात, लाल प्लास्टिकचे ग्लास, टेबलावर पिंगपाँगचे चेंडू. बार बंद, वसतिगृह रिकामं, इथली बहुतेक मुलं बॅगा भरून आईबापांकडे गेली. पार्टीच उरली नाही तर पार्टीतली दारू कुठून उरणार. मागे राहिलो आम्ही, ज्यांची विमानं मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून बंद. विद्यार्थ्यांना सरकारने महिना 1,250 डॉलर द्यायला सुरुवात केली ते फक्त नागरिक आणि पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी, वगैरेंना, आम्हाला नाही. कॅम्पसवरच्या कॅफेतल्या नोकऱ्या गेल्या, क्लास झूमवर, खिडकी छताला लागून आणि तिच्यातून फक्त लोकांचे बूट दिसतात.

आणि आकड्यांची सरासरी या बेसमेंटमध्ये शिरत नाही. कॅनडातच 1,054 शाळकरी मुलांना विचारलेला एक अभ्यास पहिल्याच लॉकडाऊनमध्ये झाला, त्यात बहुतेक व्यसनांच्या बाबतीत घेणाऱ्यांचं प्रमाण घटलं, पण जे दारू आणि गांजा घेत होते त्यांचे घेण्याचे दिवस वाढले. कोणाबरोबर घेतलं? जवळजवळ निम्म्यांनी सांगितलं, एकट्याने. 32 टक्के व्हिडिओ कॉलवर मित्रांबरोबर. आणि 42 टक्के, हे मी परत परत वाचलं, आईवडिलांबरोबर. सरासरी सोळा-सतरा वर्षांची पोरं! माझ्या बाबांसमोर मी कधी च्युइंगगम चघळायला धजले नाही. आधी मला हे भयंकर वाटलं, मग वाटलं की निदान समोर तरी बसलीयेत, किती भरलं ते आई बघतेय. आपल्याकडे मुलगा गच्चीवर जाऊन येतो आणि आई बडीशेपेचा वास आला की भाजीत मीठ जास्त पडलं का विचारते. यातलं कुठलं बरं ते मला अजून ठरवता आलेलं नाही आणि मामीला तर मी हा आकडा मुळीच सांगणार नाहीये.

आमच्या घरात नागपूरचा एकजण होता. पार्टीत कोणी आग्रह केला तर एक बीअर घेऊन रात्रभर तीच हातात धरून बसणारा, कोणी त्याला पिणारा म्हटलं नसतं. मे महिन्यात त्याचं सुरू झालं मंगळवारी दुपारी. कारण मंगळवार आणि शनिवारात काही फरकच उरला नव्हता. झोप येत नाही म्हणून थोडी, मग झोप यावी म्हणून गमी, त्या गांजाच्या रंगीत जेलीच्या गोळ्या. त्या गोळ्यांची विक्री ऑन्टॅरिओत 2020 च्या जानेवारीत सुरू झाली, एका पाकिटात कायद्याने 10 मिलिग्रॅमच्या वर टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य, नाही, धूर नाही, वास नाही, दार लावायचीसुद्धा गरज नाही. आम्ही एकाच फ्रिजमध्ये दूध ठेवायचो आणि मला पत्ता नव्हता. पार्टीतला दारुडा सगळ्यांना दिसतो, त्याला चार जण धरून घरी आणतात. हा असा हेडफोन लावून लेक्चर ऐकत बसलेला कोणाला दिसणार?

सिगरेटचं वेगळंच. ओढणाऱ्यांची इथे निम्मी मजा म्हणजे बाहेर उणे पंधरात कुडकुडत चौघांत एक फिरवणं, कारण पाकीट महाग आणि सुटी मिळत नाही, टपरी तर नाहीच. तोंडाला तोंड लावलेली वस्तू फिरवू नका असं सगळीकडून सांगायला लागले आणि ती फिरवाफिरवी संपली. दोघा-तिघांची सवयच सुटली. ज्यांच्याकडे व्हेप, म्हणजे ई-सिगरेट, होतं त्यांची वाढली, कारण ते पांघरुणातसुद्धा ओढता येतं.

तर नागपूरकर. त्याला कॅम्पसच्या हेल्थ सेंटरमधून एका बाईचा फोन आला, त्यानेच झोपेसाठी अपॉइंटमेंट मागितली होती. भिंती पातळ, त्यामुळे ऐकू येतंच, मी काही कान लावून बसले नव्हते. किती घेतोस, कधी घेतोस, एकटा घेतोस का, घेण्याआधी मनात काय असतं, अशी साधी चौकशी, लायब्ररीत कुठलं पुस्तक हवंय विचारावं तशा आवाजात. "घरी कळवीन" नाही, "शरम नाही वाटत का" नाही, "आईवडिलांनी एवढे पैसे खर्च करून पाठवलं आणि तू हे करतोस" नाही. गुड टू टॉक म्हणून विद्यार्थ्यांसाठी चोवीस तास फुकट हेल्पलाइन आहे तिचा नंबर दिला आणि म्हणाली, बंद कर असं मी म्हणत नाहीये, आधी वहीत लिहून ठेव. त्याने लिहायला सुरुवात केली. मला या गोष्टीचं इतकं कौतुक वाटलं की मी तेव्हा चार जणांना फोन करून सांगितलं (नाव न सांगता). आपल्याकडे फॅमिली डॉक्टरला हे सांगायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत काकांना कळलं समजा, कारण डॉक्टर काकांच्या वर्गातले.

पण हेही खरं, की आमच्या सोसायटीत एखादा मुलगा महिनाभर दुपारचा खोलीत बसून प्यायला लागला असता तर चौथ्या दिवशी शेजारच्या काकू वाटी परत द्यायच्या निमित्ताने आत शिरल्या असत्या. इथे नंबर आहे, बाई प्रेमळ आहे, सगळं गुप्त आहे, पण फोन तुम्हीच करायचा. ज्याने केला त्याचं निभावलं. माझ्या ओळखीच्या दुसऱ्या एका घरात एकाने केला नाही, त्याचं सेमिस्टर गेलं, आणि त्याच्या शेजारच्या खोलीतल्याला ते ऑगस्टमध्ये कळलं.

सप्टेंबरात क्लास परत सुरू झाले आणि पार्ट्याही, मग सरकारने टोरोंटो, पील आणि ऑटवामध्ये घरात दहापेक्षा जास्त माणसं जमवणाऱ्याला कमीत कमी 10,000 डॉलर दंड लावला. पुढे तो सगळीकडेच आला. आमच्या घरात तेव्हा लोकांनी जेवायला बोलावणंसुद्धा बंद केलं. पार्टी मोडायला नियम आला, पैसे आले, पोलीस आले. एकट्याने बसणाऱ्यासाठी कुठला नियम करणार?

मामेभावासाठी मी एक यादी केलीये ती त्याला वेगळी पाठवते, त्यातल्या दोनच गोष्टी इथे. ऑन्टॅरिओत दारू, तंबाखू, गांजा तिन्हीला वय 19, आणि तो अठराचा आहे, तर पहिलं वर्ष प्रश्नच मिटला. दुसरं, पिऊन किंवा गांजा घेऊन गाडी चालवायची नाही, म्हणजे नाहीच. डिसेंबर 2018 पासून तो गुन्हा आपल्यासारख्या परदेशी लोकांसाठी गंभीर गुन्ह्यात मोडतो आणि पीआरच्या स्वप्नाला तिथेच चूड लागते. यावर मामीला खरंच बरं वाटेल.

मामीने तू घेतेस का असं मला विचारलं नाही, हा तिचा मोठेपणा. विचारलं असतं तर सांगितलं असतं की वाइन घेते, थंडी असते इथे. त्यातही या लोकांनी गोंधळ करून ठेवलाय. आधी बायकांना आठवड्याला 10 ग्लासपर्यंत चालतील असं सांगायचे, 2023 च्या जानेवारीत नवा सल्ला आला की धोका कमी ठेवायचा असेल तर 2. दहाचे दोन! आणि एक म्हणजे 142 मिली, मोजून. माझा हिशोब सरळ आहे, शुक्रवारी एक, शनिवारी एक. रविवारी कोणी जेवायला आलं तर त्यांच्याबरोबर घेतलेला तो पाहुणचार, आणि तो मोजायचा की नाही हे त्यांच्या कागदात कुठेही लिहिलेलं नाही, मी बघितलंय.